चूलबंद आवतण

लग्नाला नऊ दिवस उरले असताना इरा उजनीच्या पाण्यातल्या जुन्या तरवाडीला निघाली, ती निव्वळ बाबांच्या हट्टापायी. बारामतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मुलीचं बुडालेल्या गावातल्या देवाशी काय देणंघेणं? पण त्यांच्या घराण्यात लग्नाची पहिली पत्रिका तिथल्या भैरोबापुढेच जायची. धरणाआधी तरवाडी हे भीमेवरचं नावाजलेलं बंदर होतं. गुळाच्या ढेपा, कापड, मिरची, सगळं तिथून होडीनं जायचं. आता उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गावाचा उंचवटा तेवढा बेटासारखा वर येतो.

बाबांचे, म्हणजे चिंतामणरावांचे, गुडघे होडीत चढण्याजोगे राहिले नव्हते. ते इंदापूरकडच्या काठावर बाभळीखाली खुर्ची टाकून बसले. "देवापुढं निहारचं नाव नीट घे," त्यांनी बजावलं. "त्यालाही जावई पसंत पडला पाहिजे."

इरा हसली. निहारसाठी ती चार वर्षं घरच्यांशी भांडली होती. देवानं खोडा घातला असता तर त्याच्याशीही भांडायची तिची तयारी होती.

होडी जोतीराम नावाच्या मासेमाराची होती. माणूस पन्नाशीचा, अबोल. अर्ध्या तासात बेट आलं. घाटाच्या पायऱ्या अजून शाबूत होत्या आणि नावा बांधायच्या लोखंडी कड्या दगडात तशाच होत्या. दुपारचे बारा वाजले होते. वाळलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या. बिनछपराच्या भिंती, उंबरे, एका कोनाड्यात शिंपल्यांचा थर. पाखरू म्हणून नव्हतं. पाणीसुद्धा पायरीला लागताना आवाज करत नव्हतं, हे तिच्या जरा उशिराच ध्यानात आलं.

तिनं भैरोबापुढे पत्रिका आणि अक्षता ठेवल्या, निहारचं नाव घेतलं. इथवर सगळं ठीक झालं. मग तिला बाबांना खूश करायची लहर आली. जुन्या काळी लग्नघरचा माणूस या घाटावर उभा राहून साऱ्या गावाला चूलबंद आवतण द्यायचा. म्हणजे घरातल्या एकूण एक माणसानं जेवायला यायचं, त्या दिवशी कुणाकडे चूल पेटायची नाही. बाबांनी हे शंभरदा सांगितलं होतं. इरानं घाटावर येऊन मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाली, "समस्त तरवाडीकरांना आमच्या घरचं चूलबंद आवतण. सगळ्यांनी यायचं."

घाटाशी होडी धरून बसलेल्या जोतीरामच्या हातातलं वल्हं थांबलं. "ताई, तुमी हे कशाला बोलला?"

"बाबांना दाखवायला. गंमत म्हणून."

"आवतण गमतीनं देत न्हाईत."

ती हसत मागे वळली आणि हसू तिथंच विरलं. भिंतींमागून धूर निघत होता. एक, दोन, सात, आठ ठिकाणांहून. गोवऱ्यांचा वास येत होता. मासेमारांची पालं असतील, तिनं स्वतःला समजावलं. तेवढ्यात पलीकडचा धूर तुटला. मग त्याच्या शेजारचा. पेटत्या चुलीवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज एकेका घरातून येत राहिला, आणि तो घाटाकडे सरकत होता.

"बसा लवकर," जोतीराम म्हणाला.

ती बसली. होडी एका अंगाला कलली, सावरली. पुन्हा कलली. कुणी चढताना कलते तशी. इरा मोजू लागली. एकोणिसाव्या हेलकाव्यानंतर तिनं मोजणं सोडलं.

होडीत दोघंच होती. पाणी होडीच्या काठापासून चार बोटांवर आलं होतं. जोतीराम सगळा जीव लावून वल्हवत होता, तरी होडी जेमतेम हलत होती.

"काका, काय होतंय हे?"

"भरलीया. आख्खं गाव हाय, ताई."

तिच्या पाठीला ओल्या लुगड्याचा गार स्पर्श झाला. कानाशी बांगड्या वाजल्या.

भर पाण्यात पहिली लाट आत आली.

"आवतण मागं घ्या," जोतीराम वल्हं न थांबवता म्हणाला.

"कसं घेऊ?"

"लग्नच न्हाय म्हणून सांगा. त्याबिगर ही मान्सं परतायची न्हाईत."

नुसते शब्द, तिनं विचार केला. शब्दांनी काय होतं?

पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं.

"लग्न नाही," ती म्हणाली. "मोडलं. माझं आणि निहारचं लग्न नाही. तुम्ही परत जा."

होडी एकदम उसळली. इतकी, की जोतीराम तोंडावर पडता पडता वाचला. मागे पाणी सपाट होतं.

इरा काठावर उतरली. बाबांना बघून तिला रडूच फुटलं.

"अगं, काय झालं?"

"घाबरले हो, बाबा. पण पत्रिका ठेवली मी. निहारचं नावही घेतलं."

बाबांनी तिची ओली ओढणी खांद्यावर नीट केली. ते प्रेमानं, पण जरा गोंधळून बघत होते.

"कोण निहार, बाळा?"

इरानं डावा हात वर केला. साखरपुड्याची अंगठी बोटात नव्हती. आठ महिन्यांत बोटावर पडलेला तिचा पांढरा वळही नव्हता.