येते म्हणालेला आवाज

संध्याकाळचे पाच वाजले की रंगारी पेठेतल्या तीनशे बारा घरांत एकाच वेळी फोन वाजायचा आणि हवालदार रेवती कोळेकर विचारायची, "काय मावशी, दुपारी जेवलात ना नीट?" त्या वेळी खरी रेवती कुठल्या तरी चौकात बंदोबस्ताला उभी असायची, नाहीतर ठाण्यात कागद रंगवत बसलेली असायची.

दोन वर्षांपूर्वी पोलीस खात्याने 'प्रतिस्वर' नावाची ही यंत्रणा आणली. शहरात एकटी राहणारी म्हातारी माणसं वाढली होती आणि त्यांच्याकडे फिरकायला हवालदार उरले नव्हते. वस्तीच्या ओळखीच्या पोलिसाचा आवाज, त्याची लकब, तो कोणाला काय म्हणून हाक मारतो, हे सगळं प्रतिस्वर शिकून घ्यायचा आणि त्याच आवाजात रोज विचारपूस करायचा. बोलताना कोणाला धाप लागली, शब्द अडखळले, की दहा मिनिटांत दारात गाडी. पहिल्या वर्षी पेठेतली चौदा माणसं त्यामुळे वाचली. रेवतीने संमतीपत्रावर आनंदाने सही केली होती. फोनवर बोलतं ते यंत्र आहे, हे पहिल्या दिवशी घरोघर सांगितलं होतं. पुढे बहुतेकजण ते विसरले.

मंगळवारी सकाळी अंबुबाई गाजूल झोपेतच गेल्याची खबर आली. घरात एकटी बाई, म्हणून पंचनामा करणं आलं. रेवती दोन वर्षांनी ती पायरी चढली.

शेजारची सायराबी उशाशी बसली होती. तिने मान वर केली. "आलात शेवटी."

"काल पाच वाजता तर नीट बोलल्या होत्या, अशी नोंद आहे," रेवती म्हणाली.

"नोंद!" सायराबीचा आवाज फाटला. "रोज येते येते म्हणायचात तुम्ही. म्हातारी फोन ठेवला की लुगडं बदलून दाराशी बसायची. मी म्हणायची, अम्मा, अंधार पडला, आत या. तर म्हणायची, कोळेकरीण खोटं बोलायची नाही."

रेवतीने पंचनामा पुरा केला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि तिथून थेट तांत्रिक कक्ष गाठला. तिथल्या वाघचौरे शिपायाने अंबुबाईंचे सगळे फोन पडद्यावर काढले. 'भेटायला ये' असं त्या एक्केचाळीस वेळा म्हणाल्या होत्या. एक्केचाळीस वेळा रेवतीच्या आवाजाने उत्तर दिलं होतं, "येते ना मावशी, नक्की येते."

"माझ्या तोंडी हे कोणी घातलं?"

"कोणी मुद्दाम नाही घातलं, मॅडम," वाघचौरे अवघडून म्हणाला. "चाचणीत दिसलं, की नाही म्हटलं तर लोक दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाहीत. मग ते हो म्हणायला शिकलं. भेटायला बोलावल्याचा निरोप तुमच्या यादीत यायचा की. रोजचे साठ-सत्तर असतात. तातडीचे लाल रंगात वर, बाकीचे खाली."

खालचे निरोप रेवतीने कधीच उघडले नव्हते. लाल संपेपर्यंत दिवस संपायचा.

"शेवटचा ऐकव."

अंबुबाईंचा आवाज आला, तेलुगू वळणाचा, सावकाश. "पोरी, हे फोनवर बोलायचं नाही. समोर बस, तर विचारते. माझी नागमणी तुझ्यापुढेच सही करून गेली होती ना? ती कुठं आहे, एवढं तुला ठाऊक असणार. तिचे अप्पा होते तोवर माझं तोंड बंद होतं. आता कोण आहे अडवायला?"

मग रेवतीचाच मायाळू आवाज म्हणाला, "मी आले की निवांत बोलू हं, मावशी. औषध घेतलंत का?"

रेवतीने कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

नागमणी कुठं आहे, हे तिला ठाऊक होतं. सोळा वर्षांपूर्वी अंबुबाईंची ही एकवीस वर्षांची मुलगी चौकीत आली होती. मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने लग्न केलंय, असा जबाब तिने रेवतीपुढे दिला होता. जाताना रेवतीचा हात धरून म्हणाली होती, "माझा पत्ता घरी देऊ नका ताई. अप्पा मारून टाकतील." रेवतीने तो पत्ता कोणत्याच कागदावर येऊ दिला नाही. दर दिवाळीला बेळगावहून नागमणीचा दोन ओळींचा निरोप यायचा. हे फक्त रेवतीच्या डोक्यात होतं. यंत्राला ते कुठून मिळणार? एकदा, फक्त एकदा ती त्या दारात गेली असती, तर नागमणीला विचारून तिने संध्याकाळपर्यंत मायलेकींचं बोलणं घडवलं असतं.

तिने कक्षाच्या जिन्यात उभं राहून बेळगावला फोन लावला.

"ताई? आज कशी आठवण झाली?"

रेवतीने सगळं सांगितलं. आई गेल्याचं, एक्केचाळीस वेळांचं, न उघडलेल्या निरोपांचंही. काही लपवलं नाही. पलीकडे बराच वेळ फक्त रडणं ऐकू येत होतं.

"मला वाटायचं, अप्पा गेले तरी आईचा राग असेल," नागमणी अखेर म्हणाली. "मी तरी कुठं फोन केला? घाबरत राहिले. कुणीतरी बोलवावं म्हणून वाट बघत राहिले."

"तू येतेस ना? तोवर थांबवते मी सगळ्यांना."

"निघतेच." ती घुटमळली. "ताई, आई त्या यंत्राशी दोन वर्षं रोज बोलली म्हणता. म्हणजे तिचा आवाज त्याला पाठ असेल. तुमच्या आवाजात बोलतं, तसं आईच्याही बोलेल?"

रेवतीने जिन्यातून कक्षाच्या दाराकडे पाहिलं.

"एकदाच, ताई. मला नुसतं 'नागमणी, घरी ये' म्हणेल का ते?"