कॉरिसचं छप्पर

"अरे बापा, सटकली."

हे शब्द वरून आले. दक्षिण ओहायोतल्या एका टेकाडावरच्या जुन्या वेल्श चर्चच्या अंगणात मी उभी होते, मिसेस पॅरींचा हात धरून... आणि छपरावर कुणीतरी नागपुरी वळणाच्या मराठीत पुटपुटत होतं. पाठोपाठ एक दगडी पाटी घसरत खाली आली आणि आमच्यापासून चार हातांवर ओल्या गवतात रुतली.

मी वर पाहिलं. पिवळं हेल्मेट, कमरेला दोर.

"कुणाला लागलं असतं तर?" मी मराठीतच विचारलं.

हेल्मेट थबकलं. मग हळूच कडेवरून वाकलं. "तुम्ही... नागपूरच्या?"

"आधी खाली या."

तो उतरला. एप्रिलची बारीक भुरभुर त्याच्या चष्म्यावर साचली होती. "प्रफुल्ल. चंद्रपूरचा. जुन्या इमारतींचं काम करतो. इंजिनिअर आहे. या छपराचा रिपोर्ट बनवतोय. आणि सॉरी, खरंच."

"दीक्षा. नागपूर, इंदोरा."

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "जय भीम."

"जय भीम," मी म्हणाले. तेवढ्यात मिसेस पॅरींनी विचारलं, तुम्ही एकमेकांना ओळखता का?

"अजून नाही," प्रफुल्ल इंग्रजीत म्हणाला. त्या 'अजून'वर मी उगाचच माझ्या बुटांना लागलेला चिखल बघत राहिले.

मिसेस पॅरी म्हणजे ओहायोतल्याच डब्लिन नावाच्या गावातल्या माझ्या शेजारीणबाई. वय एक्क्याऐंशी. त्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध धूसर डाग आला होता. कडेकडेनं तेवढं दिसायचं. ड्रायव्हिंग बंद झाल्यापासून महिन्यातून एकदा मी त्यांना दोन तास ड्राइव्ह करून या चर्चमध्ये आणायचे. त्यांचे आजोबा वेल्समधल्या कॉरिस नावाच्या डोंगरातल्या गावचे, पाटीच्या खाणीतले कामगार. लहानपणापासून मिसेस पॅरींना सांगितलं गेलं होतं, की या चर्चचं छप्पर त्याच गावच्या दगडाचं आहे, जहाजातून आलेलं. आता चर्चच्या समितीत चर्चा चालू होती, की छप्पर दुरुस्त करायचं की उतरवून साधे डांबरी शिंगल्स टाकायचे.

प्रफुल्लनं पडलेली पाटी उचलून मला दिली. थंडगार, वाटली त्याहून जड.

"आपल्या शाळेतल्या पाटीसारखीच. फक्त चौकट नाही," तो म्हणाला. "वेल्समध्ये हिच्या मापांना नावं असायची. मोठी ती डचेस, तिच्याहून लहान काउंटेस, मग लेडी."

"आणि माझ्या अंगावर टाकलीत ती?"

"काउंटेस असावी. लेडी अशी कुणावर धावून जात नाही."

"दगडांशिवाय कुणाशी बोलता का तुम्ही?"

"आज बोलतोय ना."

मिसेस पॅरींनी पाटीवरून बोटं फिरवली. "कॉरिसची," त्या हळूच म्हणाल्या. प्रफुल्ल काहीतरी बोलणार होता... पण गप्प बसला. ते माझ्या लक्षात आलं.

मिसेस पॅरी आत प्रार्थनेला बसल्यावर मी त्याला गाठलं. "काय झालं?"

"हा दगड वेल्सचा नाही. कॉरिसचा निळसर राखाडी असतो. हा हिरवट आहे, ऊन-पावसानं तपकिरी पडलेला. वर्मांटचा."

"त्यांना सांगू नका."

"रिपोर्टमध्ये लिहावंच लागेल."

"रिपोर्ट त्यांना वाचता येत नाही."

"म्हणून त्यांना खोटं सांगायचं?" त्यानं शांतपणे विचारलं. मला राग आला.

त्यानं सांगितलं. बाकावर त्यांच्या शेजारी बसून, छपरावरची एक पाटी आणि त्याच्याजवळचा वेल्सच्या पाटीचा नमुना त्यांच्या हातात देऊन, सावकाश. छप्पर मजबूत आहे, अजून पन्नास वर्षं टिकेल, ते ठेवा असं मी लिहिणार आहे, हेही सांगितलं. परतीचे दोन तास मिसेस पॅरी खिडकीकडे तोंड करून बसल्या. रिपोर्ट पाठवायला म्हणून प्रफुल्लनं माझा नंबर घेतला होता. त्यानंतर दोन आठवडे त्याचे मेसेज येत राहिले — कशा आहेत त्या? रागावलात का? — आणि मी रिप्लाय केला नाही. मेसेज वाचायचे मात्र. दोन-दोनदा.

मग एका रविवारी मिसेस पॅरींनी स्वतःच माझी बेल वाजवली. "तुझ्या त्या मित्राला बोलाव."

"मित्र नाहीये तो."

"बरं. जो नाहीये त्याला बोलाव. एक्क्याऐंशी वर्षं मी ते छप्पर बघत आले, आणि कॉरिसबद्दल मला काहीच माहीत नाही. तिथे काय आहे, कोण राहतं, काहीच नाही. आता मला माहीत करून घ्यायचंय."

प्रफुल्ल आला. लॅपटॉप, एक नकाशा आणि माझ्यासाठी तर्री-पोह्यांचा डबा. "हे माफीचं आहे का?" मी विचारलं.

"नाही. बरोबर होतो मी. हे नुसतंच आहे."

त्या दिवशी आम्ही मिसेस पॅरींच्या किचन टेबलावर बसून कॉरिस पाहिलं. स्क्रीनवर रस्त्याचे फोटो एकेक पाऊल पुढे सरकवायचे आणि दिसेल ते त्यांना सांगायचं. अरुंद दरी, दोन्ही बाजूंना काळसर हिरवी झाडी, एकमेकींना खेटून उभी असलेली दगडी घरं. शेतांना कुंपणसुद्धा उभ्या पाट्यांचं, तारेनं एकमेकींना बांधलेल्या.

"रस्ता ओला आहे," मी म्हणाले.

"तिथे कायम ओलाच असेल," मिसेस पॅरी हसल्या. कितीतरी दिवसांनी.

मग दर रविवार तसाच गेला. प्रफुल्ल काम करत होता तिथून दोन तास ड्राइव्ह करून यायचा, आणि आठवडाभर वाचलेलं घेऊन यायचा. छोट्या रुळांची गाडी आधी घोडे ओढायचे, दरीतून पाट्या खाली न्यायला. मग इंजिन आलं, मग १९४८ मध्ये सगळं बंद. गावकऱ्यांनी आणि हौशी लोकांनी थोडा मार्ग पुन्हा सुरू केला. आता त्यात पर्यटक बसतात. जुन्या खाणीतही पर्यटक जातात, डोंगराच्या पोटातल्या पाण्यावरून, होडीतून. मिसेस पॅरी प्रश्नांवर प्रश्न विचारायच्या. इंजिनचा रंग कोणता? होडीत किती माणसं? खाणीतले लोक जेवायला कुठे बसायचे?

या शेवटच्या प्रश्नाला प्रफुल्ल खुलला. "झोपडी असायची, खाणीतच. जेवणाच्या सुट्टीत तिथे वादविवाद चालायचे. कविता, गाणी, राजकारण. कोण काय बोललं ते लिहूनसुद्धा ठेवायचे."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माझे आजोबा मिलमध्ये होते. डबा खाताना एक जण पेपर वाचायचा, बाकीचे ऐकायचे. आजोबांना वाचता येत नव्हतं. ऐकून ऐकून पेपरातली भाषणं त्यांना पाठ झाली होती."

"माझे बाबा कोळशाच्या खाणीत," प्रफुल्ल म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी विहाराच्या लायब्ररीत मला सोडून द्यायचे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. मिसेस पॅरी कपाकडे तोंड करून कडेच्या नजरेनं आमच्याकडे बघत म्हणाल्या, "मला सगळं दिसत नाही, पण काही गोष्टी दिसतात."

जूनमध्ये आम्ही कधी 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो, ते कळलंही नाही. कॉरिसजवळच्या एका डोंगराची दंतकथा त्यानं तेव्हाच सांगितली. एक राक्षस तिथे बसायचा. त्याच्या त्या आसनावर जो रात्रभर झोपेल, तो सकाळी एक तर कवी होऊन उठतो किंवा वेडा.

"तू झोपलास तर?"

"कवी होणं अवघड आहे. रिपोर्ट लिहितो मी."

"मग वेडा."

"त्यासाठी एवढ्या लांब जायची गरज राहिली नाही," तो म्हणाला आणि घाईघाईनं नकाशाची घडी घालू लागला. उलटीच घातली.

समितीनं छप्पर ठेवलं. दुरुस्ती संपत आली आणि प्रफुल्लला दुसऱ्या राज्यात, ॲन आर्बरला पुढचं काम मिळालं. त्याच सुमारास, ऑगस्टमधल्या एका रविवारी मिसेस पॅरींनी टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"मी सप्टेंबरमध्ये कॉरिसला जातेय. आठ दिवस. डोळे आहेत तोवर. दीक्षा, तू माझ्याबरोबर येशील?"

चार वर्षं मी अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प संपला होता. बाहेर गेले तर परत येण्याआधी भारतात जाऊन नवीन घ्यायला हवा. मिळायला किती आठवडे लागतील, मिळेल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. याच भीतीपायी मी बहिणीच्या लग्नालाही गेले नव्हते. फोनवर पाहिलं होतं सगळं, हॉलमधल्या कुणीतरी धरलेल्या हलत्या फोनवर.

"विचार करून सांगते," एवढंच म्हणाले आणि बाहेर ड्राइव्हवेत आले. प्रफुल्ल मागून आला. भुरभुर चालू होती. दोघांपैकी कुणीच छत्री आणली नव्हती.

"नाही म्हण हवं तर," तो म्हणाला. "त्या समजतील."

"मला नाही म्हणायचं नाहीये. मला... किती दिवस असं बसून राहायचं? एक अख्खं गाव मी स्क्रीनवर पाहिलं. बहिणीचं लग्न स्क्रीनवर पाहिलं. आणि आता तूही ॲन आर्बरहून स्क्रीनवरच दिसणार."

बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलले.

प्रफुल्लनं चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. काच आणखीच ओली झाली होती. "माझा स्टॅम्प पुढच्या वर्षापर्यंत आहे. रजा आहे. तुम्ही दोघी कॉरिसला जा, मीही येतो. तिथून मिसेस पॅरींना आपण विमानात बसवू, इकडे त्यांची भाची उतरवून घेईल. आणि आपण... नागपूरला जाऊ."

"तू कशाला नागपूरला? तुझं घर चंद्रपूरला."

"तुझ्या आई-बाबांना भेटायला." तो म्हणाला. "आणि स्टॅम्प लवकर मिळाला नाही, तर तू तिथे एकटी वाट बघत बसू नयेस म्हणून. मिळालाच नाही, तर मी तिकडे काम शोधेन. जुनी छपरं तिकडेही आहेत. दीक्षा, तू जिथे असशील तिथे मला राहायचंय. हे मला नीट सांगता येत नाहीये."

"येतंय," मी म्हणाले.

"म्हणजे... चालेल?"

आत मिसेस पॅरी पडदा किंचित सरकवून उभ्या होत्या. मी प्रफुल्लचा ओला हात हातात घेतला. खरबरीत होता, आणि गरम.

"चालेल."

सप्टेंबरच्या नऊ तारखेला आम्ही तिघं निघालो. आठ दिवस कॉरिस पाहून, मिसेस पॅरींना परतीच्या विमानात बसवून आम्ही दोघं नागपूरला आलो. स्टॅम्पला सात आठवडे लागले. मधल्या काळात बाबांनी प्रफुल्लला आधी विहाराच्या लायब्ररीत नेलं आणि मग आमच्या घराचं छप्पर दाखवलं, कारण ते दर पावसाळ्यात गळायचं. तो तासभर वर होता. खाली अंगणात आईनं माझ्या कानात विचारलं, "हाच का?"

मी म्हणाले, "हाच."