हॅना दोषी आहे का?

डिसेंबरातल्या एका दुपारी एनिड प्रॉक्टर नेहमीसारखी इंग्लंडमधल्या आपल्या गावच्या शाळेत पियानो वाजवायला गेली. शिक्षिका म्हणून निवृत्त झाली तरी नाताळच्या नाटकाचं तिच्याशिवाय पान हलत नसे. चार वाजायच्या आतच बाहेर काळोख झाला होता. हॉलमध्ये ओल्या कोटांचा आणि जेवणातल्या उकडलेल्या कोबीचा वास कोंडला होता.

नाटक वर्गशिक्षिका मिसेस थॉर्नलींनी लिहिलेलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातले गुन्हे आणि शिक्षा, नाचगाण्यांसकट. गोष्ट याच गावातली. हॅना ब्लुइट या अकरा वर्षांच्या मोलकरणीवर चांदीचा चमचा चोरल्याचा आळ आला होता. चमचा पुढे चुलीमागे सापडला, पण तोवर पोर तुरुंगात तापानं गेली होती. नाटकात मात्र हे कुठेच नव्हतं.

"शेवट का गाळला?" एनिडनं विचारलं होतं.

"अहो, नाताळ आहे. लोकांना हसायचं असतं."

हॅनाचं काम जोडी क्रॅबट्री या विद्यार्थिनीला दिलं होतं. "बाप तुरुंगात आहे तिचा. शिकवायची गरजच नाही!" असं थॉर्नलीबाई सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाल्या आणि सगळे खिदळले. एनिडच्या अंगाची लाही लाही झाली. "लाज वाटत नाही?" असं तिनं तोंडावर विचारलं, तर उत्तर मिळालं, "तुम्ही तुमचा पियानो बघा, एनिड."

जोडी मात्र खूश होती. शेवटचं गाणं तिचं एकटीचं होतं, आणि ते ऐकायला तिची आई बिस्किटांच्या कारखान्यातली पाळी बदलून येणार होती.

तालीम सुरू झाली. न्यायाधीशाचा पांढऱ्या केसांचा टोप घालून थॉर्नलीबाई स्वतःच उभ्या राहिल्या. पिंजऱ्यात जोडी होती, डोक्यावर कापडी बुरखा. हॅनाच्या काळी तुरुंगात कैद्यांना एकमेकांचे चेहरे दिसू देत नसत, म्हणून तो बुरखा. न्यायाधीशानं विचारायचं आणि प्रेक्षकांनी ओरडायचं, "दोषी!" नाताळच्या नाटकात प्रेक्षकांनी ओरडून उत्तरं द्यायची हा इथला जुना रिवाज, कुणाला शिकवावं लागत नाही. तालमीत प्रेक्षक नसतात, म्हणून तेवढी जागा रिकामी सोडायची. एनिड बोटं उचलून थांबली.

"हॅना दोषी आहे का?"

एनिड मनात ठोके मोजू लागली.

"नाही..."

बारीक, घोगरा, मुलीचा आवाज. तो मागून आला होता, कोट टांगलेल्या भिंतीकडून. तिकडे चिटपाखरू नव्हतं. एक कोट तेवढा हळूहळू हलत होता.

"जोडी!" थॉर्नलीबाई कडाडल्या.

"मिस, मी नाही बोलले..."

"वर खोटं बोलतेस?"

"आवाज मागून आला," एनिड म्हणाली. "पोर माझ्यासमोर उभी आहे."

"अशा मुली मला चांगल्या माहीत आहेत. शेवटचं गाणं आता दुसरी कुणीतरी म्हणेल."

ना चौकशी, ना पुरावा. एका बाईच्या मनात आलं आणि लेकराच्या तोंडचं गाणं गेलं! बुरख्याआडून मुसमुसणं ऐकू येत होतं. एनिडला वाटलं, पियानोचं झाकण त्या बाईच्या बोटांवर आपटावं.

प्रयोगाला हॉल खच्चून भरला. जोडीची आई पहिल्या रांगेत बसली होती. गाणं गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हॅना दोषी आहे का?"

"दोषी!" आईबाप, आजीआजोबा, सगळे आनंदानं किंचाळले.

"काय? ऐकू नाही आलं!" थॉर्नलीबाईंनी कानाला हात लावला.

पुन्हा सगळ्यांनी तोंडं उघडली. एनिडनं नीट पाहिलं. झाडून सगळी तोंडं उघडी होती, आणि त्या सगळ्यांतून मिळून एकच बारीक, घोगरा आवाज आला.

"नाही..."

ज्यानं त्यानं आपल्याच ओठांवर हात ठेवला होता.

"मिस..." बुरख्याआडून जोडी कुजबुजली. "ती विचारतेय... आता तरी घरी जाऊ का?"

एनिड उठली. "जा, बाळा. जा."

"तुम्ही नाही, मिसेस प्रॉक्टर. ज्यांनी दोषी ठरवलं... त्यांनी सांगायचंय."

सगळ्या नजरा थॉर्नलीबाईंकडे वळल्या. टोपाखालून घामाचा ओघळ आला. 'चुकलं' एवढा एक शब्द म्हटला असता, तरी हॅना सुटली असती. पण तो त्या बाईच्या जिभेवर आयुष्यात कधी आला नव्हता.

"मी? मी कुणाला काय सांगायचं? पुरे झाली तुझी नाटकं, जोडी!"

जोडीनं मान कलती केली, कानाशी कुणी बोलावं तशी.

"बरं," ती म्हणाली. "मग ती थांबते म्हणते. तुमच्या वर्गात."

एनिडनं स्वतः रंगमंचावर जाऊन जोडीचा बुरखा काढला. मग पियानोशी परतून कुणालाही न विचारता शेवटच्या गाण्याचे सूर धरले. ते जोडीनंच म्हटलं, आईकडे बघत. थॉर्नलीबाई अडवायला पुढे आल्या नाहीत.

जानेवारीत शाळा उघडली. थॉर्नलीबाई हल्ली वर्गात कुणालाच उभं करत नाहीत. एखाद्या मुलाला 'ऊठ' म्हटलं, की मागच्या रिकाम्या कोपऱ्यात आणखी एक खुर्ची सरकते.