साखरपुड्याला चोपन्न ठोके

कैरोच्या त्या स्टुडिओत आमची पहिली भेट जिन्यातच झाली. मी इंजी, एडिटरची मदतनीस, हातात स्टॉपवॉच. तो गुणगुणत दोन-दोन पायऱ्या चढत आला आणि थेट माझ्यावर आदळला. त्याचं गुणगुणणं ऐकून गंमत म्हणून सुरू केलेलं घड्याळ धक्क्याने थांबलं.

"अकरा सेकंद गुणगुणलात," मी फणकारले.

"तुम्ही वाटेत आलात. नाहीतर बारा भरली असती."

हा रमझी, आमच्या सिनेमाचा संगीतकार. सिनेमात साखरपुड्याचा प्रसंग होता. नायिका मनासारख्या मुलाच्या घरच्यांसमोर सरबताचा ट्रे घेऊन येते. लांबी एक मिनिट चाळीस सेकंद. रमझीने ती माझ्याकडून सहा वेळा मोजून घेतली.

"फिल्म रबराची नाही हो, ताणली की वाढायला," सातव्यांदा मी म्हणाले.

"खात्री केलेली बरी, इंजी." म्हणाला खरा, पण पडद्याकडे बघतच नव्हता... बघत होता माझ्याकडे. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू?

पण गाडी त्यापुढे सरकेना. शेवटी मीच खडा टाकून पाहिला.

"शुक्रवारी आमच्याकडे माणसं यायचीत. मुलगा बाबांच्या ओळखीतला आहे. मी हो म्हटलं तर तिथेच कुराणातला फातिहा वाचून लग्न पक्कं करतील."

त्याने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. काढतच राहिला. मग म्हणाला, "छान."

छान! रात्रभर मी त्या एका शब्दावर चरफडत होते.

बुधवारी रेकॉर्डिंग होतं. चाळीस वादक बसले, रमझी छडी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला, पडद्यावर नायिका हसत ट्रे घेऊन आली आणि धून सुरू झाली — डी मायनरमध्ये, मिनिटाला चोपन्न ठोके. चेलो नुसते हुंदके देत होते.

पहिल्या व्हायोलिनवरच्या म्हाताऱ्या फिक्री उस्तादांनी गज खाली ठेवला. "बाळा, पोरगी सरबत आणतेय. तू तर मयताघरची बिनसाखरेची कॉफी वाढलीस."

सगळे हसले. दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला. "चहा घ्या सगळे. तोवर याचं काहीतरी करा."

वादक बाहेर गेले. मी तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तिला तो मुलगा हवाय, रमझी. तुम्ही रडताय कुणासाठी?"

तो स्वरलिपीच्या कागदांकडे बघत राहिला. "लिहिताना... ट्रे तुमच्या हातात दिसायचा. शुक्रवारचा."

माझ्या छातीत धडधडायला लागलं. चोपन्न तर नक्कीच नव्हते ते.

"मग हे मला सांगायचं सोडून चेलोंना का सांगितलंत?"

"चेलो नाही म्हणत नाहीत."

"आणि मी कधी म्हटलं? विचारलंत तरी का?"

त्याने वर पाहिलं. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. तेवढ्यात वादक परतले आणि मी मुकाट्याने खुर्चीवर जाऊन बसले.

"पेन्सिली घ्या," रमझी म्हणाला. "एफ आहे तिथे एफ शार्प करा, बी फ्लॅट आहे तिथे साधा बी. डी मेजर होईल. आणि वेग एकशे आठ. दुप्पट आहे, म्हणून सगळं दोनदा वाजवा. लांबी तेवढीच राहील."

या वेळी तीच धून घरभर पळणाऱ्या मुलीसारखी आली. पडद्यावरची नायिका मघासारखीच हसत होती, पण आता तिचं हसू खरं वाटत होतं. शेवटचा सूर थांबला आणि दिग्दर्शकांनी मान डोलावली.

रमझीने मात्र छडी खाली ठेवली नाही. चाळीस जणांच्या देखत तो माझ्याकडे वळला.

"इंजी, तुमचे बाबा घरी किती वाजता येतात?"

"पाचला."

"उद्या साडेचारला येतो."

"तेव्हा ते नसतात."

"माहीत आहे. अर्धा तास मला दाराशी उभं राहून धीर गोळा करायला लागेल."

फिक्री उस्तादांसकट सगळे माझ्याकडे बघत होते.

"मग चारलाच या," मी म्हणाले. "मी पण उभी राहते सोबत."