सगळ्यात खालची चिठ्ठी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या चाचणीच्या मशीनची वायर काढत होता.

मशीनरूममध्ये पंख्यांचा इतका घोंगाट असतो, की शेजारच्या माणसालाही कानाशी येऊन बोलावं लागतं. "अहो, ते माझं आहे," असं मी दोनदा म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. मग स्वेटरच्या बाह्या सावरत मी जवळ गेले, तर तोच वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "सांगायला आलोय."

"काय सांगायला?"

"तुमची साखळी... मीच तोडली."

खरं तर मला रागवायचं होतं. पण वायर त्याच्या हातात, त्याचा श्वास माझ्या कानाशी... रागवायचं राहूनच गेलं.

साखळीचं आधी सांगायला हवं. आमचं ऑफिस ऑपरेटिंग सिस्टिम बनवतं. तिचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्यात वेळ कुठे वाया जातो ते शोधणं हे माझं काम. तिथे एक काम दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. दर वेळी एक चिठ्ठी ठेवली जाते – काम संपलं की परत कुणाकडे जायचं. चिठ्ठ्या एकावर एक साठत जातात. माझा प्रोग्राम सेकंदाला शंभरेक वेळा अचानक डोकावतो आणि वरून खाली वाचत जातो: तुला कोणी बोलावलं? आणि त्याला कोणी? तळाशी पोचलं की खरं कारण सापडतं. पूर्वी प्रत्येक चिठ्ठी खालच्या चिठ्ठीला जणू दोऱ्याने बांधलेली असायची. वर्षापूर्वी दुसऱ्या शाखेतल्या कुणा महाभागाने तो दोराच काढून टाकला, कारण त्याशिवाय सगळं दोन टक्के जास्त वेगाने चालतं. तेव्हापासून माझ्या स्क्रीनवर निम्म्या ठिकाणी 'अज्ञात' येत होतं.

तर तो महाभाग हा. वेगही राहावा आणि साखळीही दिसावी, यासाठी साहेबांनी त्याला महिन्याभरासाठी आमच्याकडे आणला होता. दुसऱ्याच दिवशी ऑफिसने त्याचं नाव 'दोन टक्के' ठेवून टाकलं.

आम्ही एकाच कीबोर्डवर बसायचो.

"दोऱ्याशिवाय चिठ्ठ्या वाचताच येत नाहीत?" त्याने विचारलं.

"येतात की. पण संपलेल्या कामांच्या जुन्या चिठ्ठ्याही तिथेच पडलेल्या असतात. जुनी कुठली, चालू कुठली, ते कळत नाही. मग प्रोग्राम बिचारा नावापुढे प्रश्नचिन्ह टाकतो."

"तुमच्यासारखंच."

"म्हणजे?"

"माझ्याकडे बघता ना, तेव्हा कपाळावर एक प्रश्नचिन्ह असतं."

मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. कान मात्र मशीनरूमच्या गारठ्यातही तापले.

आठवड्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी कुणी केलं, आठवत नाही. तो दोन कप कॉफी आणायचा, माझी बिनसाखरेची. मी कधी सांगितलं नव्हतं. मग याला कसं कळलं? मला त्या दिवसांत काहीच धड कळत नव्हतं. मला तो आवडत होता, एवढं नक्की. त्याचं काय, ते...

कारण रोज अकरा वाजता तो वरच्या मजल्यावर टेस्टरकडे, म्हणजे आमचा कोड तपासणाऱ्या मुलीकडे जायचा. दोघं कॉलेजात एका वर्गात होते म्हणे. एकदा जिन्यातून पाहिलं: हा काहीतरी अजिजीने मागत होता आणि ती हसून हसून टेबलावर डोकं टेकत होती. ही जुनी चिठ्ठी, की अजून चालू आहे? मी आल्या पावली खाली उतरले आणि दिवसभर त्याच्याशी फक्त कामाचं बोलले. तो दोनदा "काय झालं?" म्हणाला. मी दोनदा "कुठे काय?" म्हटलं.

घरी वहिनी गच्चीत कपडे वाळत घालत होती. तिच्यापासून काही लपत नाही.

"काय पाहिलंस नक्की?" तिने विचारलं.

"हसत होते दोघं."

"कशावर?"

"मला काय माहीत."

"मग तोंड पाडून का बसलीयेस? विचार ना त्याला."

"आणि तो हो म्हणाला तर?"

वहिनीने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "तर रडशील चार दिवस. आत्ता काय वेगळं करतेयस? आणि शुक्रवारी जायचाय ना तो? मग शनिवारी कुणाला विचारणार, मला?"

आमची युक्ती गुरुवारी जमली. प्रत्येक ठिकाणाहून परतीची चिठ्ठी किती खोल आहे, याचं कोष्टक आधीच बनवून ठेवायचं. दोरा नको आणि वेगही जात नाही, फक्त थोडी मेमरी जास्त लागते. शुक्रवारी दुपारी शेवटची चाचणी लावली, आणि स्क्रीनवर वरपासून तळापर्यंत नावंच नावं आली. एकही 'अज्ञात' नाही.

आम्ही दोघंही हसलो, आणि मग दोघांचीही नजर घड्याळाकडे गेली. आता त्याला इथे थांबायला काही कारणच उरलं नव्हतं. त्याची बस सहाची होती.

मी त्याच्या कानाशी गेले. "टेस्टरकडे रोज कशाला जायचास?"

त्याने दचकून पाहिलं. "मशीनच्या वेळा तीच लावते. तुझ्या शेजारचं मशीन, तुझ्याच वेळेला, असं मागायला. ती रोज हसायची. तुझ्या कॉफीचंही तिनेच सांगितलं."

"शेजारचंच कशाला?"

"इथे कानाशी बोलावं लागतं ना..."

मला हसू येत होतं आणि रडूही. पण मी खाली खाली जात राहिले. "ते झालं. पण इथे तर तुला साहेबांनी आणलं."

"मी अर्ज केला होता. तीनदा."

"का?"

त्याने शेजारची एक वायर हातात घेतली. मग पाठ केल्यासारखं म्हणाला, "'इथे साखळी तुटते. का, ते मला कळत नाही. कुणाला कळलं तर कृपया येऊन मला सांगा.'"

ओळी माझ्याच होत्या. वर्षापूर्वी वैतागून मी त्या कोडमध्ये टीप म्हणून टाकल्या होत्या. कुणी वाचेल असं वाटलंच नव्हतं.

"तोडली मीच होती, म्हणून सांगायला यायचं ठरवलं," तो म्हणाला. "मग तुझ्या बाकीच्या टिपा वाचल्या. भांडखोर, खऱ्या... सगळ्या वाचल्या. सगळ्यात खाली तूच आहेस. मला बोलावलंस तू."

पंखे घोंगावत होते. मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?" त्याने कान पुढे केला.

"म्हटलं, काम संपलं की परत कुठे जायचं, नियम काय आहे?"

"ज्याने बोलावलं, त्याच्याकडे." त्याने वायर खाली ठेवली आणि माझा गार हात हातात घेतला. "सामान घेऊन सोमवारी येतो. चौथा अर्ज, कायमचं इथे येण्याचा... कालच मंजूर झालाय."

तो गेल्यावर मी कोडमधली ती टीप पुसायला बसले. आता तिचं काम नव्हतं. पण पुसवेना. मग तिच्याखाली एक ओळ लिहिली: 'कळलं. सांगणारा सोमवारी परत येतोय.' असलं काही कोडमध्ये लिहायचं नसतं, म्हणून भीतभीतच तपासणीला पाठवलं.

तपासणीला टेस्टर होती. तिने दोन मिनिटांत मंजूर केलं.