मथुरामावशींच्या बाजूची तिकोनी काच

जुन्या फियाटच्या पुढच्या दारातली तिकोनी काच काढून तिथे अख्खी एकच काच बसवणं, हे माझं खास काम. मरोळ नाक्यामागच्या माझ्या गाळ्यात त्यासाठी मुलुंड-बोरिवलीहून लोक येतात. वाऱ्याची शिट्टी बंद, गळती बंद, वर एसी लावता येतो. बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्या तिकोनीसाठी डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं.

खारदांड्याच्या मथुरामावशींनी आणलं. मुलगा विपुल गाडी घेऊन आला, तेव्हा त्या डावीकडच्या सीटवरून उतरायलाच तयार नव्हत्या. बाई दमेकरी. त्यांचा नवरा महादू गाडी सुरू करण्याआधी वाकून त्यांच्या बाजूची तिकोनी फिरवायचा, वारा थेट तोंडावर येईल अशी. डाव्या हाताची तर्जनी बोटीच्या दोरखंडात गेलेली. उरलेल्या बोटांनी फिरवायचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता एसी आहे ना, अशी विपुलने समजूत काढली. मी दोन्ही तिकोन्या काढल्या. मावशी डावीकडच्या तिकोनीकडे बोट दाखवून एवढंच बोलल्या, "ती फेकू नको रे बाला. टांगून ठेव."

म्हातारीचं मन म्हणून मी ती फ्रेमसकट माळ्याच्या हुकाला टांगली. मागे वीतभर अंतरावर भिंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्याखालचे कागद उडाले. पंखा बंद होता. तोंड जवळ नेलं तर तिच्या फटीतून वारा येत होता, मशेरीचा आणि सुक्या बोंबलांचा वास घेऊन. मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. भिंतीला भोक असेल म्हणून हात फिरवला. भिंत धड होती. काहीतरी निमित्त काढून विपुलला फोन लावला. तो जुहूच्या रस्त्याला होता, आई शेजारी. वारा थांबल्यावर परत लावला. नुकतीच गाडी उभी केली, म्हणाला.

आठवडाभर मी वाऱ्याच्या वेळा लिहून ठेवल्या आणि तेव्हा मावशी गाडीत होत्या का, हे विपुलला विचारत राहिलो. एकदाही चुकलं नाही. मला भीती वाटायला लागली होती, आणि ती कुणाला सांगायची लाजही.

शनिवारी दुपारी वारा आला. मग मंदावला. मग माझ्या डोळ्यांदेखत तिकोनी आपणहून फिरली आणि बंद झाली.

काचेवर वाफ धरली. मी पुसली, पण ती पलीकडून होती. विरली, पुन्हा धरली. दर वेळी डाग थोडा लहान.

फोन लावला. विपुल उचलेना.

डाग रुपयाएवढा झाला.

जुन्या फियाटची चावी आत राहिली की आम्ही तिकोनी बाहेरून अंगठ्याने दाबतो. खिटी सरकते. मग हात घालून आतली कडी ओढायची. मला दुसरं काही सुचलं नाही. मी दाबली. खिटी सरकली. हात घातला.

हात भिंतीला लागायला हवा होता.

तो कोपरापर्यंत गेला. आत कोंडलेली गरम हवा, तापलेलं रेक्झिन. मी चाचपडलो. कडी मिळेना.

मग कुणीतरी माझं मनगट धरलं. थंड, घट्ट. हात खाली नेला आणि कडीवर ठेवला.

मी ओढली.

संध्याकाळी विपुलचा फोन आला. एसी चालू ठेवून तो बँकेत गेला होता. तिथे वेळ लागला, उन्हात इंजिन बंद पडलं. नवी काच घट्ट, दम लागलेल्या आईला हँडल फिरेना, दाराची कडीही ओढवेना. तो परतला तर दार उघडं, आई अर्धी बाहेर, श्वास चालू.

ती घट्ट काच मीच बसवली होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही तिकोन्या घेऊन खारदांड्याला गेलो, परत बसवायला. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, माझं मनगट तुम्हीच धरलंत ना. त्यांनी हो म्हणावं, असं फार वाटत होतं.

मावशींनी मान हलवली.

"मी कशी धरीन? माझे दोन्ही हात छातीवर होते." मग माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, "बटण काढ बघू."

भर मे महिन्यात मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गेलो होतो. बाहीखाली वळ होते. सकाळपासून मी ते पुन्हा पुन्हा मोजले होते. अंगठा, आणि तीन बोटं.