खालून पाना कुणी धरला?

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या!

झाशीतली नगरा वस्ती. १९६८ची मे महिन्यातली दुपार. लू, म्हणजे तिकडची उन्हाळी झळ, अशी वाहत होती की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

माझी सिंधूआत्या तेव्हा पंधरा वर्षांची. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, रेल्वेत फिटर. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी लिलावात एक खटारा जीप घेतली होती, आणि त्या दिवशी तिचा गिअरबॉक्स उतरवायचा होता.

सगळे बोल्ट निघाले. वरचा एक उरला. तो अशा सांदीत, की नानांचा पंजाच शिरेना.

"सिंधे, तुझं मनगट बांगडीएवढं. घाल हात."

आत्या वरून बोल्ट फिरवणार, नाना जीपखाली आडवे होऊन मागचा नट पान्याने धरणार. लूच्या घोंघाटात हाक ऐकू येईना, म्हणून खूण ठरली. खालून टक टक वाजलं की फिरवायचं.

बोल्ट अर्धा निघाला तसे नाना बाहेर आले. गिअरबॉक्स अंगावर पडू नये म्हणून दोर बांधायला हवा होता. शेजारच्या विश्वंभरकाकांकडून घेऊन येतो, तोवर फिरवू नकोस, असं बजावून गेले.

आत्याने हात आतच ठेवला. काढून परत घालायचा म्हणजे कातडी सोलवटायची.

मग...

टक टक.

आले वाटतं नाना! तिने फिरवला. नट खालून घट्ट धरलेला.

टक टक.

बोल्ट सुटून तिच्या मुठीत आला.

"नाना, निघाला!"



फाटक करकरलं. नाना आत येत होते. खांद्यावर दोर.

आत्याने हात ओढला. निघेना. मनगटाभोवती कुणाचीतरी बोटं होती... त्या उन्हातही गारठलेली.

"नाना, जीपखाली कुणीतरी आहे."

तिला सांगायचं होतं, बोल्ट निघालाय, खाली जाऊ नका. तोंडातून एवढंच आलं.

नाना हसले. "मांजर असेल गं. थांब, हाकलतो."

आणि वाकून खाली शिरले.

टक टक.

बोटं सुटली.

गिअरबॉक्स खाली आला.

नाना जागच्या जागी गेले. गल्लीतल्या लोकांनी त्यांना बाहेर ओढलं, तेव्हा पाना त्यांच्या खिशातच होता.

आत्या आता आमच्याकडे असते. झोपेत तिचं मनगट फिरतं. जरासं फिरतं, थांबतं... जणू कानोसा घेतं... परत फिरतं.

आई म्हणते, धसका घेतलाय तिने. असेलही!

पण मी तिच्याच शेजारी झोपते. आणि वरचा पंखा कालपासून डुगडुगायला लागलाय...